नव्या वर्षाच्या गाडीसाठी थांबावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची धामधूम ओसरली की शोरूममधून फोन यायला लागतात, आणि घरोघरी एकच चर्चा सुरू होते: आत्ता उचलायची की जानेवारीत? खालची उत्तरं घरच्या वापरासाठी, हप्ते भरून गाडी घेणाऱ्या माणसाला समोर ठेवून लिहिली आहेत. दर दोन वर्षांनी गाडी बदलणाऱ्यांचा हिशोब वेगळा असतो. तो जिथे वेगळा आहे तिथे तसं सांगितलं आहे.

‘नव्या वर्षाची गाडी’ म्हणजे नेमकी कोणती?

यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलल्या जातात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट म्हणजे बनावटीचं साल. गाडी कारखान्यातून कोणत्या महिन्यात निघाली ते आरसीवर छापलेलं असतं, आणि पासिंगची तारीख वेगळी असते. ३१ डिसेंबरला बनलेली आणि २ जानेवारीला बनलेली गाडी यांत एका नटबोल्टाचाही फरक नसतो, पण जुन्या गाड्यांचा बाजार त्यांच्यात एका वर्षाचं अंतर धरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खरोखरच बदललेलं मॉडेल: फेसलिफ्ट, म्हणजे त्याच गाडीची वरवरची डागडुजी, किंवा पूर्ण नवी पिढी. त्याचा कॅलेंडरशी काही संबंध नाही. नवी स्विफ्ट मे २०२४ मध्ये आली, नवी डिझायर त्याच वर्षी नोव्हेंबरात, क्रेटाचं फेसलिफ्ट जानेवारी २०२४ मध्ये. ‘जानेवारीत नवीन मॉडेल येतं’ असं कुणी सांगितलं, तर यातलं कोणतं, हे आधी विचारा. बहुतेक वेळा फक्त साल बदलणार असतं.

डिसेंबरात इतकी सूट का देतात?

डीलर गाड्या कंपनीकडून विकत घेऊन ठेवतो, बहुधा कर्ज काढून. यार्डात उभ्या गाडीवर व्याज चालूच असतं. एक जानेवारी उलटली की तीच गाडी ‘गेल्या सालची’ होते आणि गिऱ्हाईक आणखी घासाघीस करतं. शिवाय वर्षअखेरीचा विक्रीचा आकडा गाठायची घाई कंपनीलाही असते. म्हणून रोख सूट, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट सूट, जुनी गाडी भंगारात काढल्याचा बोनस असं एकावर एक रचून दाखवतात. यातलं तुम्हाला लागू असेल तेवढंच मोजा. ‘एकूण फायदा ९० हजारांपर्यंत’ असा फलक असतो, पण तुमच्याकडे बदलायला जुनी गाडी नसेल आणि कंपनीचं ओळखपत्र नसेल, तर तो आकडा बघता बघता निम्म्यावर येतो.

ज्या गाडीला वेटिंग आहे तिच्यावर डिसेंबरातही काही सुटत नाही. मोठी सूट दिसली की ती गाडी एरवी का खपत नव्हती, हा प्रश्न मनात आला पाहिजे. उत्तर निरुपद्रवी असू शकतं, उदाहरणार्थ नकोसा रंग किंवा न चालणारं व्हेरियंट. तसं असेल आणि तो रंग तुम्हाला चालत असेल, तर सौदा उत्तम.

पण विकताना एक वर्ष जुनी धरतील ना?

धरतील. जुनी गाडी बघायला येणारा माणूस ‘मॉडेल कितीचं?’ हे किलोमीटरच्याही आधी विचारतो. मुद्दा हा, की त्या एका वर्षाची किंमत किती.

ती काढायची सोपी रीत आहे आणि त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. जुन्या गाड्यांच्या कुठल्याही ॲपवर तुम्हाला हवी तीच गाडी, तेच इंजिन, तेच व्हेरियंट बघा. किती वर्षांनी विकायचा विचार आहे ते ठरवा. समजा पाच, तर पाच वर्षं जुन्या आणि सहा वर्षं जुन्या गाड्यांच्या भावातला फरक लिहून घ्या. डिसेंबरात मिळणारी खरी सूट अधिक जानेवारीतली भाववाढ ही बेरीज त्या फरकापेक्षा मोठी असेल, तर डिसेंबरातच घ्या.

आकडे समजुतीपुरते मांडतो. ९ लाखांच्या गाडीवर डिसेंबरात ५० हजार सुटताहेत आणि जानेवारीत भाव १५ हजारांनी चढणार आहे. म्हणजे थांबायची किंमत ६५ हजार. तीन वर्षांत विकायची असेल तर सालाचा फरक या रकमेच्या आसपास जाऊ शकतो, कारण गाडी नवी असताना भाव झपाट्याने उतरतो; अशा माणसाने जानेवारीची बनावट घ्यावी. आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर तोवर गाडीची स्थिती, सर्व्हिस रेकॉर्ड आणि किती हातांतून गेली हे सालापेक्षा जास्त बोलतं. आपल्याकडची बरीच कुटुंबं गाडी मोडकळीला येईपर्यंत वापरतात आणि तरी घेताना सालाची चिंता करत बसतात, हे मला कधी नीटसं कळलेलं नाही.

जानेवारीत घेतली तर जानेवारीचीच बनावट मिळेल?

आपोआप नाही. सगळ्यात मोठा तोटा इथे होतो. माणूस मुद्दाम थांबतो, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जातो, वाढीव भावाने पैसे भरतो, आणि हातात नोव्हेंबरात बनलेली गाडी पडते. सूटही गेली आणि सालही गेलं.

नवीन बनावटीची गाडी यार्डात पोहोचायला वेळ लागतो. कारखाना चाकणला असेल तर पुण्यातल्या डीलरकडे ती लवकर येईल. चेन्नई, साणंद किंवा हरियाणातून ट्रेलरने यायची असेल तर महिनाअखेर उजाडू शकते. म्हणून बुकिंगच्या कागदावरच ‘बनावट जानेवारी २०२६ किंवा त्यानंतरची’ असं लिहून घ्या आणि त्यावर शिक्का-सही घ्या. सेल्समनच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. तो खोटं बोलतो असं नाही, पण गाडी वाटपाचं काम त्याच्या हातात नसतं.

जुन्या सालची गाडी जानेवारीत घ्यायला हरकत काहीच नाही, फक्त सूट डिसेंबरापेक्षा जास्त मिळाली पाहिजे. फेब्रुवारीत यार्डात उरलेली गेल्या सालची गाडी हा घासाघीस येणाऱ्याचा हक्काचा माल.

गाडी कधी बनली हे कसं ओळखायचं?

पैसे भरण्याआधी चेसिस नंबर मागा. तो १७ अक्षरांचा असतो आणि त्यात सालाचा संकेत असतो. पुष्कळ कंपन्यांत दहावं अक्षर सालाचं: २०२४ ला ‘आर’, २०२५ ला ‘एस’, २०२६ ला ‘टी’. महिन्याचं अक्षर कुठल्या जागी असतं ते कंपनीगणिक बदलतं, ते त्या कंपनीपुरतं शोधून ठेवा. शोरूममध्ये ‘व्हिन २५’, ‘व्हिन २६’ असं म्हणतात ते यावरूनच; व्हिन म्हणजे हाच चेसिस नंबर.

त्याहून सरळ मार्ग म्हणजे कागद. विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म २१ मध्ये, बनावटीचा महिना आणि साल लिहिण्याची जागा असते. गाडीतल्या चेसिस नंबरशी कागदावरचा नंबर ताडून बघा आणि हे पासिंगच्या आधी करा. एकदा आरटीओत नोंद झाली की मग वाद घालण्यात अर्थ नाही.

यार्डात चार-सहा महिने उभी असलेली गाडी घ्यावी का?

घ्यावी, बघून घ्यावी. वॉरंटी बनावटीपासून नाही, डिलिव्हरीपासून मोजतात आणि नोंदणीची १५ वर्षं पासिंगच्या तारखेपासून, त्यामुळे तिथे नुकसान नाही. बघायचं ते असं: बॅटरी एका दमात गाडी सुरू करते का, टायर एका जागी चपटे झालेत का, पावसाळा उघड्यावर काढला असेल तर दारांच्या रबरांखाली, सुट्या चाकाच्या खळग्यात पाणी किंवा गंज आहे का, आणि बॉनेट उघडून वायरी उंदरांनी कुरतडल्यात का. शेवटचं ऐकून लोक हसतात. शेताला लागून असलेलं यार्ड एकदा बघून या.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२२५ म्हणजे २०२५ सालचा बत्तिसावा आठवडा. गाडी डिसेंबरची सांगताहेत आणि टायर मार्चचे असतील तर विचारा, उत्तर ऐका. किलोमीटर दोन आकडी असायला हवेत. शेकड्यात असतील तर ती चाचणीसाठी फिरवलेली असू शकते, आणि तिचा भाव वेगळा व्हायला हवा.

फेसलिफ्ट येतंय असं ऐकलंय. थांबू?

कुठून ऐकलं यावर अवलंबून आहे. झाकलेल्या गाडीचे एक्स्प्रेसवेवरचे फोटो म्हणजे गाडी उद्या येतेय असं नाही; चाचण्या वर्षभर आणि त्याहून जास्तही चालतात. कंपनीने तारीख जाहीर केली असेल, बुकिंग उघडलं असेल, तर ती बातमी. बाकी सगळ्या गप्पा.

तारीख नक्की असेल तर मग काय बदलतंय ते बघा. पुढची जाळी, दिवे, मोठा स्क्रीन आणि नवा रंग एवढंच असेल, तर जुन्या मॉडेलवरची सूट घेऊन मोकळं व्हायला माझी काही हरकत नाही. सांगाडा, सुरक्षितता किंवा इंजिन बदलत असेल तर विचार पालटतो.

डिझायरचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. जुन्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाचपैकी दोन तारे होते. नोव्हेंबर २०२४ ची नवी डिझायर आली तीच प्रौढांच्या सुरक्षेत पाच तारे घेऊन, मारुतीची पहिली. सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटमध्ये. ऑक्टोबरात जुन्या गाडीवर सूट घेतलेल्या माणसाने काही हजार वाचवले आणि हे सगळं सोडलं. घरात लहान मुलं असतील आणि घाटातून येणं-जाणं असेल, तर या बदलासाठी दोन-तीन महिने थांबणं मी योग्यच म्हणेन.

पण त्याच गाडीची दुसरी बाजूही आहे. जुन्या डिझायरचं चार सिलिंडरचं इंजिन गेलं आणि तीन सिलिंडरचं आलं. मायलेज सुधारलं, ताकद ९० पीएसवरून ८२ वर आली, आणि जुन्या इंजिनचा गुळगुळीतपणा आवडणारे लोक हळहळले. नवं ते सगळ्या बाबतींत वरचढ असतंच असं नाही. म्हणून नवी गाडी चालवून बघेपर्यंत जुन्या मॉडेलची गाडी हातची घालवू नये, असंही कधी कधी असतं.

जुनं मॉडेल बंद झालं की त्याचा पुनर्विक्रीचा भाव थोडा खाली बसतो, हे मात्र गृहीत धरा. सुटे भाग मिळणार नाहीत ही भीती चांगल्या खपाच्या गाडीबाबत निराधार आहे. रस्त्यावर लाखो गाड्या असताना त्यांचे भाग बनवणं हा कंपनीचाही धंदा आहे.

नवं मॉडेल आल्याबरोबर पहिल्या दिवशी बुक करावं?

पहिल्या दिवसाचा एक खरा फायदा असतो: सुरुवातीची किंमत. डिझायर ६.७९ लाखांपासून आली, पण ती किंमत ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतच होती. स्कॉर्पिओ-एनची सुरुवातीची किंमत फक्त पहिल्या २५ हजार बुकिंगना होती. ३० जुलै २०२२ ला ते २५ हजार पहिल्या मिनिटातच संपले आणि अर्ध्या तासात आकडा एक लाखावर गेला. त्यानंतर काही व्हेरियंटला लोक वर्ष-वर्ष ताटकळले.

तोटा असा, की पहिल्या खेपेच्या गाड्यांत सॉफ्टवेअरच्या कुरबुरी निघतात. आजकालच्या गाडीत स्क्रीन, कॅमेरे आणि रडार इतकं असतं की त्या पहिल्या सहा महिन्यांतच कळतात. तुमच्या गावात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नसेल, सोलापूर किंवा संभाजीनगर गाठावं लागत असेल, तर पहिल्या खेपेत उडी मारू नका. पुण्या-मुंबईत हा त्रास कमी.

बुकिंग डिसेंबरात केलं, गाडी जानेवारीत आली. भाव कुठला?

जानेवारीचा. बुकिंगच्या फॉर्मवर बारीक अक्षरांत ‘डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव लागू’ असं बहुधा असतंच. जानेवारीत भाव चढवणं हा कंपन्यांचा जवळपास नेम झाला आहे. जानेवारी २०२५ साठी मारुतीने चार टक्क्यांपर्यंत, महिंद्राने तीन टक्क्यांपर्यंत, ह्युंदाईने २५ हजारांपर्यंत वाढ जाहीर केली होती. ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा, सगळ्या मॉडेलवर तेवढी वाढ होत नाही.

महाराष्ट्रात याला आणखी एक कंगोरा आहे. पेट्रोल गाडीवर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के असा मोटार वाहन कर आहे. डिझेलला १३, १४, १५. तुमची गाडी ९ लाख ९० हजारांची असेल आणि जानेवारीत ती १० लाख ५ हजारांवर गेली, तर वाढ नुसती पंधरा हजारांची राहत नाही. वरच्या टप्प्याचा कर आख्ख्या किमतीवर लागतो. शिवाय १० लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, कापतात. तो विवरणपत्र भरताना जमा धरला जातो, पण आज खिशातून जातोच. काठावरची गाडी असेल तर डिसेंबर सोडू नका.

कर कमी होईल म्हणून थांबणं शहाणपणाचं का?

एकदा ठरलं होतं. १५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून दिवाळीपर्यंत जीएसटी सुधारणांचं सूतोवाच केलं, आणि गणपतीत गाडी घेणाऱ्यांचे हात आखडले. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर सेस धरून २९ टक्के होते ते १८ झाले. २२ सप्टेंबरपासून लागू, म्हणजे नेमकी घटस्थापना. मधल्या पितृपक्षात तसंही कुणी गाडी घेत नाही. आठ लाखांच्या छोट्या गाडीमागे कराचाच फरक ६८ हजारांच्या घरात जातो. मोठ्या एसयूव्हीवर ५० टक्क्यांचे ४० झाले. इलेक्ट्रिक गाडीवर आधीही ५ आणि नंतरही ५, त्यामुळे तिच्यासाठी थांबलेल्यांना करातून काही मिळालं नाही.

थांबलेल्यांना फायदा झाला तो घोषणा झाल्यानंतर थांबल्यामुळे. अर्थसंकल्पात काही होईल या आशेवर दरवर्षी जानेवारीत गाडी लांबणीवर टाकणारे लोक आहेत, त्यांना असं घबाड क्वचितच लागतं. कर वाढूही शकतो, हे ते विसरतात.

प्रदूषणाचे नियम बदलायच्या तोंडावर जुन्या नियमांची नवी गाडी घ्यावी?

अंतिम तारखेच्या आत पासिंग होत असेल तर कायद्याने काही अडत नाही. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण-निकषाच्या वाहनांच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत दुचाक्यांवर २२ हजारांपर्यंत सूट निघाली आणि शोरूमबाहेर रांगा लागल्या. त्या गाड्या पुढे वर्षानुवर्षं चालल्या. मात्र शेवटच्या दिवशी पैसे भरून पासिंग राहिलं तर गाडी शोभेची वस्तू होऊ शकते. जुन्या नियमांची गाडी सूट घेऊन विकत घेणार असाल तर पासिंगला निदान पंधरा दिवस हातात ठेवा.

इलेक्ट्रिक गाडीला हाच हिशोब लागू?

नाही, तिथे बदल फार वेगाने होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बॅटरीचे दर उतरले म्हणून टाटाने नेक्सॉन ईव्ही १ लाख २० हजारांपर्यंत आणि टियागो ईव्ही ७० हजारांपर्यंत स्वस्त केली. जानेवारीत घेतलेल्यांनी कपाळाला हात लावला असणार. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ३८ किलोवॅट-तासांची बॅटरी घेऊन आली, आणि मे २०२५ मध्ये तीच गाडी ५२.९ ची बॅटरी घेऊन उभी राहिली.

तरीही नुसतं थांबत राहण्याला इथे अंत नाही, कारण पुढच्या वर्षी आणखी मोठी बॅटरी येणारच. रोजचा प्रवास किती ते मोजा. आज मिळणारी गाडी त्याच्या दुप्पट पल्ला प्रत्यक्षात देत असेल आणि घरी चार्जिंगची सोय असेल, तर घ्या. पेट्रोलचा वाचलेला पैसा पहिल्या दिवसापासून जमा होतो. सोसायटीने अजून चार्जरची परवानगीच दिली नसेल, तर तुमचं थांबणं गाडीसाठी नाही, सोसायटीच्या सभेसाठी आहे.

पाडव्याला किंवा दसऱ्याला घेतली तर?

मुहूर्त पाळायचा तर जरूर पाळा, फक्त त्या दिवशी सूट कमी आणि घाई जास्त असते हे जाणून. एकाच दिवशी शंभर गाड्या बाहेर काढायच्या असतात. धुणं, ॲक्सेसरीज, नंबरप्लेट सगळं उरकलेलं असतं. गाडीची तपासणी दोन-तीन दिवस आधी यार्डात करून घ्या, पासिंगही आधीच होऊ द्या, आणि मुहूर्ताला फक्त किल्ली घ्या. गुढीपाडव्याला एक सोय आपसूक होते: मार्च-एप्रिलपर्यंत चालू सालची बनावट सर्रास मिळायला लागलेली असते.

जुनी गाडी सारखी बंद पडते, तरी थांबू?

नको. दुरुस्तीची बिलं आणि रिक्षा-टॅक्सीचा खर्च तीन महिने लिहून काढला की जानेवारीच्या सालाचं आकर्षण बहुधा उरत नाही. अपवाद एकच: एक्स्चेंज बोनससाठी जुनी गाडी निदान चालू अवस्थेत शोरूमपर्यंत न्यावी लागणार असेल, तर तेवढा जीव तिच्यात ठेवा.

अमेरिकेतला भाऊ म्हणतो, ऑगस्टमध्येच पुढच्या सालची गाडी मिळते. आपल्याकडे का नाही?

तिकडे ‘मॉडेल इयर’ हे कंपनीने दिलेलं साल असतं. २०२५ च्या उन्हाळ्यात बनलेली गाडी २०२६ ची म्हणून विकतात आणि चेसिस नंबरातलं दहावं अक्षरही तेच साल दाखवतं. आपल्याकडे बाजार बनावटीच्या महिन्यावर चालतो. त्यामुळे तिकडचा सप्टेंबरात जुन्या मॉडेलवर सवलत घेण्याचा सल्ला इकडे आणायचा झाला तर तो डिसेंबरात येऊन बसतो.

दुचाकीसाठीही एवढा विचार करायचा?

एवढा नाही. सालाचा फरक काही हजारांचा असतो आणि स्कूटर आपण दहा वर्षं पिदडतो. सूट चांगली असेल तर घ्या.

बुकिंग केलं आणि आठवड्यात नवं मॉडेल जाहीर झालं. रद्द करता येईल?

गाडीचं बिल झालेलं नसेल तर बहुतेक ठिकाणी येतं. काही जण थोडी रक्कम कापतात, ती पावतीवर आधीच वाचा. रद्द करण्याआधी शोरूमच्या मॅनेजरला भेटा, सेल्समनला नाही. जुनं मॉडेल आता त्यालाही लवकर काढायचंय. त्याच गाडीवर आणखी किती सोडता ते विचारा, आकडा कागदावर घ्या, आणि मग नव्या मॉडेलचं वेटिंग किती ते विचारा. हे दोन आकडे समोर आले की निर्णय सहसा शोरूमच्या पायऱ्या उतरायच्या आत होतो. रद्दच करायचं ठरलं तर अर्ज ईमेलने पाठवा, कर्ज मंजूर झालं असेल तर बँकेला त्याच दिवशी कळवा आणि रक्कम गाडीवर वितरित झालेली नाही याची खात्री करून घ्या, नाहीतर गाडी नसताना हप्ता सुरू होतो.